वेळ देणारी माणसं, वेळ मागणाऱ्या संस्था

विलेपार्ल्याच्या पश्चिमेला, कूपर हॉस्पिटलच्या मागे, संत ज्ञानेश्वर मार्गावर ग्राहक भवन आहे. मुंबई ग्राहक पंचायतीचं हे मुख्यालय. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने आणि सुधीर फडके यांच्यासारख्यांच्या साथीने 1975 च्या गुढीपाडव्याला पंचायत सुरू झाली. आज तीस हजारांवर कुटुंबं तिची सभासद आहेत आणि तिचा भार मुख्यतः बिनपगारी कार्यकर्त्यांनी, त्यातही बायकांनी, पेलला आहे. पद्धत साधी आहे. शेजारपाजारच्या काही कुटुंबांचा एक संघ होतो. दर महिन्याला घराघरांच्या याद्या एकत्र केल्या जातात, सामानाची घाऊक खरेदी होते आणि ठरलेल्या दिवशी संघातल्या एका घरी ते उतरतं.

वाटपाचा दिवस ज्याने जवळून पाहिला आहे त्याला स्वयंसेवेवर वेगळं व्याख्यान लागत नाही. सोफा भिंतीला सरकवलेला, जमिनीवर डाळी, पोहे, साबण, तेलाचे ढीग. एक जण यादी वाचते, दुसरी टिक करते, तिसरी पिशव्या भरते. कुणाची तूरडाळ एक किलो कमी भरते, कुणाचं जादा पाकीट निघतं. हिशेब जुळेपर्यंत कुणी उठत नाही. जी आली नाही तिच्या पिशव्या शेजारीण ठेवून घेते. पुढच्या महिन्यात सामान दुसऱ्या घरी. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. आपला फायदा आणि दुसऱ्याचं काम एकाच पिशवीत येतं. दिवस ठरलेला, काम ठरलेलं, आपली पाळी कधी येणार हेही ठाऊक असलेलं. या तीन गोष्टींवर ही व्यवस्था पन्नास वर्षं चालली.

आणि याच घरात तिच्यापुढच्या अडचणीही दिसतात. दुपारी सामान उतरवून घ्यायला घरी कुणी नसतं. नव्या टॉवरच्या फाटकावर टेम्पो अडतो, आत सोडायला कुणाची तरी परवानगी लागते. तेच तेल, तीच डाळ फोनवर दोन बोटं फिरवली की दारात येते. तरुण सून विचारते, एवढा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नसतो. त्याला सरळ उत्तर द्यायला हवं, आणि ते द्यायला आपल्या बहुतेक संस्था तयार नाहीत.

‘हल्ली कार्यकर्ते मिळत नाहीत’ ही तक्रार पार्ल्यापासून डोंबिवलीपर्यंत प्रत्येक संस्थेच्या वार्षिक सभेत ऐकू येते. तिच्यामागोमाग तरुणांच्या स्वार्थीपणावरचे उद्गारही येतात. मला हे निदान चुकीचं वाटतं. माणसांचा सेवाभाव आटलेला नाही. कामाची रचना मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आयुष्यांसाठी केलेली होती, आणि ती आयुष्यं आता उरलेली नाहीत. या लेखात मी ते बदललेलं आयुष्य आणि त्यासाठी करण्याच्या व्यवस्था, दोन्ही तपासतो आहे.

पार्ल्याला स्वयंसेवेचा इतिहास आहे म्हणून पार्लं उदाहरणाला घेतलं. टिळक 1920 मध्ये गेले. 1921 मध्ये इथे पार्ले टिळक विद्यालय निघालं आणि 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ. सगळे पार्लेकर त्याला टिळक मंदिर म्हणूनच ओळखतात. सरकारने काढलं नाही, कुणा धनिकाने एकहाती बांधलं नाही. उपनगरात नुकत्याच वसू लागलेल्या शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टरांनी संध्याकाळचा वेळ घालून उभं केलं. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी पडली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रुवाला यांनी ती चालवली आणि दोघेही तुरुंगात गेले. मुंबई शहरात त्याआधीच, 1911 मध्ये, ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं सुरू केली होती. पुढे 1941 मध्ये राष्ट्र सेवा दल आलं. महागाईच्या काळात, 1972 मध्ये, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने उपनगरातल्या गृहिणींच्या हातात लाटणं देऊन त्यांना रस्त्यावर आणलं. ग्राहक पंचायत त्यानंतर तीनच वर्षांनी जन्मली. तेच रेशनच्या रांगांचे, साठेबाजीचे दिवस होते.

या परंपरेचा अभिमान बाळगताना ती कशावर उभी होती तेही पाहायला हवं. पार्ल्याचा माणूस साडेपाचला कचेरीतून सुटायचा आणि सातच्या सुमारास संस्थेत हजर व्हायचा. घर आणि संस्था यांत चालत दहा मिनिटांचं अंतर असायचं. नोकरी एकच, निवृत्तीपर्यंतची. आणि तो संस्थेत बसलेला असताना घरी कुणीतरी स्वयंपाक करत होतं, मुलांचा अभ्यास घेत होतं, आजाऱ्याला औषध देत होतं. जुन्या अहवालांत कार्यवाहांची नावं आहेत, त्यांच्या घरच्या माणसांची नाहीत. पुरुषांनी समाजाला दिलेल्या वेळेत घरातल्या बाईचे तास मिसळलेले होते. ग्राहक पंचायतीने निराळं केलं ते हे की बाईचा घरातला व्यवहार, म्हणजे महिन्याचा किराणा, तोच सार्वजनिक कामाचा पाया केला. ती घराबाहेर पडली ती घरकाम सोडून नव्हे, घरकामाच्या वाटेनेच. म्हणून पंचायत टिकली.

आता ते दिवस नाहीत. पार्ल्यातली चाळिशीची बाई बीकेसीत किंवा पवईत नोकरी करते. नवऱ्याची मीटिंग रात्री नऊला अमेरिकेशी असते. घरून काम म्हणजे मोकळा वेळ असा ज्येष्ठांचा समज असतो, प्रत्यक्षात कामाचे तास घरभर पसरलेले असतात. मुलगा शिकायला बाहेर जातो, सत्तरीच्या आईवडिलांच्या आजारपणाचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. त्यातच इमारती पाडल्या जात आहेत. विमानतळाच्या फनेल झोनमुळे पार्ले पूर्वेला उंची वाढवता येत नाही म्हणून कित्येक इमारती रखडल्या; ज्या मार्गी लागल्या त्यांतली कुटुंबं दोन-तीन वर्षं गोरेगाव-बोरिवलीकडे भाड्याने जाऊन राहतात. परत येतात तेव्हा शेजार बदललेला असतो. ग्राहक संघ, भिशी, महिला मंडळ, गणेशोत्सवाची वर्गणी हे सगळं जिन्यावरच्या ओळखीवर चालत होतं, आणि टॉवरमध्ये जिना कुणी चढत नाही. पुनर्विकासाच्या करारात पार्किंग, क्लबहाउस, जिम सगळं मोजून लिहितात. सामान वाटायला, मुलांना शिकवायला, सभा घ्यायला एक साधी खोली मागणाऱ्या सोसायट्या फार थोड्या. मागायला हवी.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांपैकी दिवसाला जेमतेम 2.4 टक्के लोक स्वयंसेवा, उमेदवारी आणि तशा इतर बिनपगारी कामात होते. जे होते त्यांनी त्या दिवशी सरासरी 101 मिनिटं दिली. पहिला आकडा नाउमेद करणारा आहे, दुसरा तितकाच बोलका. जो एकदा कामात शिरतो तो दीड तासाच्या वर देतो. अडचण दाराशी आहे. आत आल्यावर माणूस पुरेसा वेळ देतो.

पण या 2.4 मध्ये सगळं येतं असंही मी मानत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री पश्चिम द्रुतगती मार्गावरून कंबरभर पाण्यातून चालणाऱ्यांना दोर टाकून पलीकडे नेणारी, चहा-बिस्किटं देणारी, अनोळखी बायकांना रात्रभर घरात घेणारी माणसं मोठ्या संख्येने झोपडपट्ट्यांतली होती. त्यांच्या स्वतःच्या घरांत पाणी शिरलेलं होतं. पार्ल्याच्या नेहरूनगरसारख्या वस्तीत बाळंतिणीला रात्री रिक्षात घालून कूपरला नेणं, मयताची तयारी, नळावरचं भांडण मिटवणं, कुणाचा दाखला काढून देणं ही कामं रोज होतात. करणाऱ्याला आपण स्वयंसेवक आहोत हे ठाऊकही नसतं आणि कुठल्या अहवालात त्याचं नाव येत नाही. मध्यमवर्गीय संस्था या माणसांकडे ‘लाभार्थी’ म्हणून पाहतात. माझ्या मते आपल्या स्वयंसेवेतली ही सगळ्यात मोठी चूक आहे. पार्ल्याच्या पूर्वेला संस्थांकडे इमारती आहेत, निधी आहे, पण धावणारी माणसं कमी पडतात. रुळांच्या पलीकडच्या वस्त्यांत धावणारी माणसं आहेत, त्यांना बसायला जागा आणि रिक्षाभाड्याला पैसे नाहीत. ही दोन टोकं एकत्र आणायला फार मोठी योजना लागत नाही. संस्थेच्या कार्यकारिणीत वस्तीतली दोन माणसं घ्यावी लागतात, आणि त्यांना जाण्यायेण्याचा खर्च न लाजता, न मागता द्यावा लागतो.

खर्च देणं आणि मजुरी देणं वेगळं, आणि हा भेद अतिशय काटेकोरपणे पाळायला हवा. कारण ‘स्वयंसेवक’ या नावाचा गैरवापर सगळ्यात जास्त सरकारनेच केला आहे. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आलेल्या ‘आशा’ कागदोपत्री मानद स्वयंसेविका. गरोदरपणाच्या नोंदी, लसीकरण, सर्वेक्षणं, कोविडमधली घरोघरची तपासणी हे सगळं त्यांच्या अंगावर, आणि मोबदला मुळात कामागणिक. मुंबई महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकांनाही किमान वेतनासाठी आणि भविष्य निर्वाह निधीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, कोर्टाची पायरी चढावी लागली. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. रोज ठरलेल्या तासांना, वरिष्ठाच्या हुकमावर, नाही म्हणायची सोय नसताना जे काम होतं ती नोकरी आहे. तिला स्वयंसेवा म्हणणं म्हणजे गरीब बाईचा पगार बुडवणं. स्वयंसेवेला बळ द्या असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बोलायला हवं.

पुन्हा कमी वेळ असलेल्या माणसांकडे वळू. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांच्यासाठी एक नवी पद्धत रुजली: एका दिवसाची सेवा. तिची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह या वकिलांनी वर्सोव्याचा किनारा साफ करायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी, भरतीची वेळ पाहून, वर्षानुवर्षं. वर्सोव्याचे कोळी, शाळकरी मुलं, कंपन्यांतली माणसं, सिनेमातली मंडळी त्यात येत गेली. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना सन्मान दिला. त्याच वर्षी पाणी फाउंडेशनची गावांमधली जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली आणि 2018 पर्यंत ती 75 तालुक्यांत पोचली. 1 मे च्या महाश्रमदानाला मुंबई-पुण्याचे ‘जलमित्र’ रात्रीच्या गाड्यांनी माण-खटावकडे जाऊ लागले.

शहरी माणूस एका दिवसात जे खणतो त्याने दुष्काळ हटत नाही हे उघड आहे, आणि तसं कुणी म्हटलंही नव्हतं. काम गावकऱ्यांनीच पंचेचाळीस-पन्नास दिवस केलं. पण एका दिवसाच्या पाहुण्याला काय करायचं, कुठे उभं राहायचं, कुदळ कुणाकडून घ्यायची, किती खोल खणायचं हे सांगणारा प्रशिक्षित माणूस बांधावर उभा होता. वर्सोव्यातही तेच: हातमोजे, गोण्या, वेळ, सगळं ठरलेलं. एका दिवसाची सेवा उथळ असते असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मागे रोजचं काम करणारा गट पक्का असेल तर एका दिवसाचा माणूस उपयोगी पडतो. तो गट नसेल तर बॅनर, टी-शर्ट आणि फोटो एवढंच उरतं, आणि किनाऱ्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या.

कंपन्यांच्या बाबतीत हे फार घडतं. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत मात्र त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही, हे केंद्राने स्पष्ट केलं आहे. ते योग्यच झालं. नाहीतर कचेरीतल्या माणसांची सहल हीच समाजसेवा ठरली असती. पण त्यामुळे कंपन्या एकीकडे पैसे देतात, दुसरीकडे वर्षातून एकदा पन्नास माणसांचा जथा एखाद्या शाळेच्या भिंती रंगवायला पाठवतात. शाळेला त्या पन्नास माणसांऐवजी दर शनिवारी गणित शिकवणारे दोन इंजिनीअर हवे असतात. शाळेने हे स्पष्ट सांगावं. भिंती नकोत, गणित हवं असं म्हणायचं धाडस संस्थांनी करायला हवं.

महाविद्यालयांची गोष्टही याच्या जवळची आहे. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी शताब्दी वर्षात, सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर ही तिची चौकट. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात समाजकार्यालाही श्रेयांक आले आहेत. सक्तीची सेवा ही सेवा नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. साठे महाविद्यालयातला किंवा मिठीबाईतला मुलगा श्रेयांकांसाठी का होईना, एखाद्या संस्थेच्या पायरीवर येऊन उभा राहिला, ही मोठी गोष्ट आहे. तो पायरीवर आल्यावर त्याला ‘बस, सर येतील’ असं सांगून दोन तास ताटकळत ठेवलं, मग खुर्च्या लावायला सांगितलं आणि शेवटी कागदावर सही दिली, तर तो परत येणार नाही. दोष श्रेयांकांचा नाही.

अशा मुलाला द्यायला किती नेमकं काम असू शकतं याचं उदाहरण म्हणजे अंध विद्यार्थ्यांचे लेखनिक. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षार्थी स्वतः लेखनिक आणणार असेल तर लेखनिकाची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालची असावी अशी अट घातली. म्हणजे वेळ असलेले, हस्ताक्षर सुंदर असलेले निवृत्त शिक्षक यात बसत नाहीत. त्या अटीनुसार पदवीच्या मुलासाठी बारावीचा मुलगा लागायचा, बारावीसाठी अकरावीचा. अंध परीक्षार्थीला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिकाने प्रश्न सावकाश वाचायचा, पुन्हा वाचायचा, गुण किती ते सांगायचं. परीक्षार्थी बोलेल तेच लिहायचं. उत्तर चुकतंय हे कळत असलं तरी चेहऱ्यावर, आवाजात, श्वासात काही दिसू द्यायचं नाही. आकृती काढायची असेल तर त्याच्या शब्दांवरून काढायची. राहिलेली मिनिटं दर अर्ध्या तासाने सांगायची. चार तासांनी हात आखडतो, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या डोक्यात कसं शिरायचं ते कुठल्याही शिबिरापेक्षा इथे जास्त कळतं. परीक्षेच्या हंगामात लेखनिकांसाठी व्हॉट्सअॅपवर रात्री अकराला निरोप फिरत असतात: उद्या सकाळी साडेनऊ, अंधेरी, मराठी माध्यम, कुणी आहे का? मुलं भरपूर आहेत, महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. नसते ती जूनमध्ये केलेली यादी.

सगळा प्रश्न इथे येऊन पोचतो. यादी कोण करणार? यादी ठेवणारा, फोन करणारा, नव्या माणसाला काम समजावणारा, आजारी पडलेल्याच्या जागी दुसरा शोधणारा, वर्षाअखेर चार शब्द कौतुकाचे बोलणारा माणूस हवा. पूर्वी हे काम संस्थेचे कार्यवाह करत, कारण त्यांच्याजवळ संध्याकाळ होती. आता ते पगारी काम करायला हवं. हे म्हटलं की जुने कार्यकर्ते दुखावतात, सेवेच्या कामात पगार कसला, असं म्हणतात. मी त्यांचा आदर राखून सांगतो, शंभर माणसांचा बिनपगारी वेळ वाया जाऊ नये म्हणून एकाला पगार देणं हा व्यवहार शहाणपणाचा आहे. देणगीदार सभागृहाला नाव देतात, रुग्णवाहिकेला देतात, संगणकाला देतात. एका समन्वयकाचा तीन वर्षांचा पगार देणारा देणगीदार शोधून सापडत नाही. पार्ल्यातल्या पाच संस्था मिळूनही असा एक माणूस नेमू शकतात.

जपानने हे एका आपत्तीतून शिकून घेतलं. 1995 च्या कोबे भूकंपानंतर दहा लाखांवर स्वयंसेवक त्या भागात धावले. कुणाला कुठे पाठवायचं हेच कळेना, काही ठिकाणी गर्दी, काही ठिकाणी कुणीच नाही. त्यातून 1998 मध्ये छोट्या संस्थांना सहज नोंदणी देणारा कायदा झाला. आता तिथे भूकंप-पूर झाला की स्थानिक समाजकल्याण मंडळं स्वयंसेवक केंद्र उघडतात. येणाऱ्याची नोंद होते, घराघरांतून आलेल्या मागण्या त्याच्या हाती पडतात, आणि अगदी थोड्या रकमेत त्याचा विमाही निघतो. आपल्याकडे 26 जुलैला आणि 2020 च्या टाळेबंदीत मुंबईने असंच अफाट काम केलं. वृद्धांची औषधं पोचवली, चालत निघालेल्या मजुरांना महामार्गावर जेवण दिलं. पण ते गट पांगले. त्यांचे फोन नंबर, कोणत्या गल्लीत कोण एकटं राहतं याच्या याद्या, काही उरलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

विम्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, तसा तो नाही. स्वयंसेवकांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने संरक्षण दिलं. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा तिन्ही मिळतात. म्हणजे सरकारला हे करता येतं. मग किनारा साफ करताना काच लागलेल्या मुलाचा, रुग्णाला नेताना पडलेल्या बाईचा विमा संस्थेने गटाने का काढू नये? तसंच प्रशिक्षणाचं. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत, जी डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये सुरू केली, शिकवून तयार केलेले स्वयंसेवक हा कामाचा मोठा आधार आहे. दुःखी माणसाचं ऐकून घेणं हे चांगुलपणावर सोडून देण्यासारखं काम नाही, हे तिथे ओळखलं गेलं. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची आधी चौकशी करणं, हेही तसंच. त्यात अविश्वास नाही. मुलांविषयीची जबाबदारी आहे.

ज्येष्ठांविषयी थोडं जास्त लिहितो, कारण पार्ल्याचं खरं भांडवल तेच आहे. साठाव्या वर्षी निवृत्त झालेला बँक अधिकारी, लेखापरीक्षक, इंजिनीअर पुढची पंधरा वर्षं धडधाकट असतो. त्याला बागेत बाकावर बसवायचं की त्याचं ज्ञान वापरायचं? ग्राहक पंचायतीने याचं उत्तर दिलेलं आहे. 2018 मध्ये महारेराने घर घेणारे आणि विकासक यांच्यातल्या तंट्यांसाठी सलोखा मंच सुरू केला. त्यात ग्राहकांच्या बाजूने पंचायतीचे प्रतिनिधी आणि समोर विकासकांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून तोडगा काढतात. गहू-तांदळापासून सुरू झालेली संस्था करारातली कलमं वाचणाऱ्या स्वयंसेवकांपर्यंत पोचली. ग्राहक चळवळीत असं कौशल्य तयार झालं, कारण तिने काळाबरोबर नवे प्रश्न हाती घेतले. जिथे अजून चाळीस वर्षांपूर्वीचेच उपक्रम चालतात तिथे नवीन माणूस येत नाही, याचं नवल वाटायला नको.

मात्र ज्येष्ठांनी खुर्ची मोकळी करणं हाही सेवेचाच भाग आहे. ट्रस्टच्या कार्यकारिणीत वीस-वीस वर्षं तीच नावं असतात. काही अंशी नाइलाजही असतो. पदाधिकारी बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, बँकेत सह्या, केवायसी, आधीचा बदल अर्ज मंजूर नाही म्हणून पुढचा अडलेला. या कटकटीला कंटाळून लोक ‘चालू द्या आहे ते’ म्हणतात. पण पस्तिशीच्या बाईला सात वर्षं फक्त सूत्रसंचालन आणि रांगोळी दिली, निर्णयाच्या बैठकीला बोलावलं नाही, तर ती दुसरीकडे स्वतःचं काम उभं करते. तिने ते केलंच आहे. उपनगरांत प्राण्यांसाठी, झाडांसाठी, कचऱ्यासाठी झटणारे कितीतरी छोटे गट नोंदणीशिवाय चालतात आणि त्यांत मराठी, गुजराती, तमिळ सगळी मुलं-बाया आहेत. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कचऱ्याचं नियोजन हाती घेतलं, त्यातून महापालिकेची एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, योजना उभी राहिली. सुरुवात एका गल्लीच्या रहिवाशांनीच केली होती.

पार्ल्यातून परदेशी गेलेल्या मुलांचा दाखला शेवटी देतो. इथे असताना त्यांनी संस्थेत पाऊल टाकलं नाही, असं त्यांचे आईवडील खंतावून सांगतात. तीच मुलं अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत रविवारी सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना बाराखडी शिकवतात, वर्षभर, एक पैसा न घेता. तिथे त्यांच्यात अचानक सेवाभाव उगवला असं नाही. तिथे दर आठवड्याचे दोन तास ठरलेले आहेत, अभ्यासक्रम तयार आहे, वर्गखोली ठरलेली आहे, आपलं मूलही त्याच शाळेत आहे. वाटपाच्या दिवशी पार्ल्यातल्या संघात जे असतं, तेच.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. भाषणं होतील, सत्कार होतील, 5 डिसेंबरला संदेश येतील. संस्थांच्या विश्वस्तांना माझी विनंती एवढीच: तुमच्याकडच्या कामांची यादी करा, प्रत्येक कामापुढे वार, तास आणि त्याला लागणारी तयारी लिहा, जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार ते लिहा, आणि तो कागद फाटकावर, व्हॉट्सअॅपवर, शेजारच्या महाविद्यालयात आणि पलीकडच्या वस्तीत लावा. खाली एका माणसाचं नाव आणि फोन नंबर असू द्या, आणि तो माणूस फोन उचलेल याची खात्री करा. वाचकांनी तो कागद दिसायची वाट पाहू नये. येत्या शनिवारी जवळच्या संस्थेत जाऊन विचारावं, आठवड्याचे दोन तास आहेत माझ्याकडे, काय करू? धड उत्तर मिळालं नाही तर त्यांची ती यादी करायला बसावं.